चार-पाच ईमेल अकाउंट, एकच वेबपेज, सर्व्हर आपला: कोण काय वापरतंय?

मुठाकाठ | सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज लिहितेय कारण आता खरंच अडलंय. माझ्याकडे पाच मेल अकाउंट आहेत आणि पाचही रोज बघावी लागतात. एक पर्सनल जीमेल. एक जुनं याहू, बँक, विमा, पासपोर्ट सगळं त्यालाच जोडलेलं त्यामुळे सोडता येत नाही. एक आमच्या टॅक्सच्या कामाच्या डोमेनवरचं, क्लायंट तिथेच लिहितात. एक सोसायटीचं जीमेल कारण यंदा सेक्रेटरी मी आहे. आणि पाचवं गणपती मंडळाचं आउटलूक, वर्षातले नऊ महिने शांत असतं आणि मग मांडव, परवानग्या, वर्गणी, पावत्या असं सुरू झालं की थांबत नाही.

आत्तापर्यंत डोमेनचा मेल जीमेलच पॉपने ओढून आणायचं आणि माझं भागायचं. पण ती सोय बंद होतेय असं गुगलने जाहीर केलंय. मी कधी कर्वेनगरच्या ऑफिसात, कधी कोथरूडला घरी, कधी सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसते, म्हणून एका मशीनवर इन्स्टॉल करायचं काहीतरी नकोय, ब्राउझरमध्ये उघडणारं हवंय. घरी एक जुना लॅपटॉप आहे, ह्यांनी त्यावर लिनक्स आणि डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं साधन) टाकून फोटोंसाठी चालू ठेवलाय, त्यावरच काही बसत असेल तर उत्तम.

मला काय हवंय सांगते. पाचही अकाउंटचे न वाचलेले मेल एका यादीत दिसावेत, उत्तर दिलं की ज्या आयडीवर आलं त्याच आयडीवरून जावं, आणि पाच पासवर्ड तिसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर पडून राहू नयेत. कोणी करतंय का असं?

जुना_लिनक्सवाला | सोमवार, रात्री १०.४७

ताई, प्रश्न नीट मांडलात, उत्तर देणं सोपं जाईल. आधी एक गोष्ट वेगळी करून ठेवा, म्हणजे पुढे कोणी तुम्हाला घाबरवणार नाही. मेल सर्व्हर चालवणं वेगळं आणि वेबमेल चालवणं वेगळं. तुम्हाला फक्त दुसरं करायचंय. मेल जिथे आहेत तिथेच राहणार, गुगलकडे, याहूकडे, तुमच्या डोमेनवाल्याकडे. तुमच्या लॅपटॉपवर फक्त खिडकी बसणार. ती आयमॅपने मेल दाखवते आणि एसएमटीपीने पाठवते. आयमॅप १९८६ पासून आहे आणि तो बनलाच यासाठी की मेल सर्व्हरवर राहू दे, बघणारा कुठूनही बघू दे. लॅपटॉप उद्या बंद पडला तरी एक मेल हरवणार नाही, दुसऱ्या मशीनवर पुन्हा खिडकी बसवायची.

घरून पूर्ण मेल सर्व्हर चालवायच्या फंदात मात्र पडू नका. घरगुती कनेक्शनवर २५ नंबरचा पोर्ट बहुतेक ठिकाणी बंद असतो, रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) आपल्या हातात नसतं, आणि घरगुती आयपी स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत (ज्या आयपीवरून थेट मेल यायला नको त्यांची यादी) असतात, त्यामुळे समोरचा मेल घेतच नाही. तुमचा मेल त्या त्या कंपनीच्या सर्व्हरवरून ५८७ किंवा ४६५ वर जाणार, त्याला यातलं काही आडवं येत नाही.

टेकडीवरून | मंगळवार, सकाळी ७.५५

वरच्या दादांशी पूर्ण सहमत. आता कुठलं टाकायचं ते. चार नावं तुमच्यासमोर येतील आणि चारही चांगली आहेत पण तुमच्या पहिल्याच अटीवर दोन गळतात.

राउंडक्यूब सगळ्यात जुनं आणि सगळ्यात पसरलेलं. तुमच्या डोमेनवाल्याने वेबमेल म्हणून बहुतेक हेच दिलं असेल. २००५ च्या सुमाराचं, २०२३ च्या नोव्हेंबरात नेक्स्टक्लाउडने त्याला आपल्यात घेतलं. पण त्याचा मूळ विचार एक लॉगिन म्हणजे एक मेलबॉक्स असा आहे. आयडेंट-स्विच नावाचं बाहेरचं प्लगइन टाकलं की वर ड्रॉपडाउन येतो आणि अकाउंट बदलता येतात, तरी सगळ्यांची एक यादी मिळत नाही. स्नॅपीमेल हलकं आहे, पटकन उघडतं, डेटाबेस नसला तरी चालतं, एका लॉगिनखाली बाकीची अकाउंट जोडता येतात, पण तिथेही एकेक निवडूनच बघायचं. ते रेनलूपपासून फुटून निघालंय. रेनलूप मात्र आता कुणीही नव्याने टाकू नये, २०२२ मध्ये त्यातलं सुरक्षेचं भोक जाहीर झालं तेव्हा दुरुस्तीच आली नव्हती.

उरले दोघं. नेक्स्टक्लाउड मेलमध्ये सगळे इनबॉक्स एकत्र दिसतात, पण त्यासाठी आख्खं नेक्स्टक्लाउड चालवावं लागतं. फाइली, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट पण हवे असतील तर जरूर घ्या, फक्त मेलसाठी जुन्या लॅपटॉपवर ते ओझं आहे. आणि दुसरं सायफ्ट (Cypht). हे फार लोकांना माहीत नाही पण तुमच्या प्रश्नासाठीच बनलंय असं वाटावं. बातम्यांच्या फीड रीडरसारखा त्याचा घाट आहे, सगळ्या अकाउंटचे न वाचलेले एका पानावर, खूण केलेले एका पानावर, सगळंच एकत्र हवं तर तेही. प्रत्येक ओळीपुढे कुठल्या अकाउंटचा मेल ते लिहिलेलं असतं. दिसायला साधं आहे, जीमेलची सवय असेल तर दोन दिवस डोळ्यांना खटकेल.

सायफ्टच्या दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो कारण नवीन माणसाची गाडी तिथेच अडते. एक, अकाउंट जोडलं, सेटिंग बदलली, की ते त्या सेशनपुरतंच असतं. सेव्हच्या पानावर जाऊन स्वतःचा पासवर्ड परत टाकून सेव्ह करावं लागतं, नाहीतर लॉगआउट केलं की सगळं गेलं. असं का, तर तुमची सेटिंग, म्हणजे आतले मेलचे पासवर्ड धरून, तुमच्याच लॉगिन पासवर्डने कुलूपबंद होतात. म्हणून तो पासवर्ड विसरलात तर कुणीच ती उघडून देऊ शकत नाही. दोन, एकत्र यादीत सुरुवातीला अलीकडचेच आणि प्रत्येक अकाउंटमधले ठराविकच मेल दिसतात. लोकांना वाटतं मेल गायब झाले. सेटिंगमध्ये दिवस आणि संख्या वाढवता येते, पण फार वाढवू नका, पाच सर्व्हरना विचारून पान भरायचं असतं, त्यातला एक हळू असला की तेवढा भाग रेंगाळतो.

भोसरीकर | मंगळवार, दुपारी १.२०

आमच्या वर्कशॉपमधे स्नॅपीमेल आहे, एन्क्वायरीचं वेगळं परचेसचं वेगळं आणि अकाउंटचं वेगळं अशी तीन अकाउंट, आम्हाला एकत्र यादी नकोच आहे कारण बघणारी माणसं वेगळी, पण एक अनुभव सांगतो जो कुठलंही वेबमेल टाकलं तरी येणार. ड्रॉइंगची पीडीएफ जोडायला गेलं की जात नव्हती. लहान फाइल जायची, मोठी नाही, आणि एररपण धड येत नव्हती. पोरांनी नेटला दोष दिला मग राउटर बदलायचं निघालं. मूळ कारण असं की पीएचपीमधे (ही वेबमेलं ज्या भाषेत लिहिलेली असतात ती) अपलोडची मर्यादा मुळातच २ एमबी असते आणि पूर्ण पोस्टची ८ एमबी, आणि पुढे एनजिनएक्स (वेब सर्व्हर) लावला असेल तर त्याची स्वतःची १ एमबी. तिन्ही ठिकाणी वाढवावं लागतं, एका जागी वाढवून उपयोग नाही, कुठेतरी एक दार बुटकं राहिलं की फाइल तिथेच अडणार. आणि मेलमधे जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते कारण ती बेस६४ मधे बदलून जाते, तर समोरच्याची मर्यादा २५ असेल तर २४ ची फाइल पाठवायचा हट्ट करू नये.

ताई तुमच्याकडे रिटर्नच्या स्कॅन केलेल्या फाइली असतील म्हणून मुद्दाम लिहिलं.

मुठाकाठ | मंगळवार, रात्री ९.०५

खूप धन्यवाद सगळ्यांना. सायफ्ट टाकलं, डॉकरने आलं, सोबत डेटाबेसचा कंटेनर लागला तो ह्यांनी लावून दिला. डोमेनचं अकाउंट लगेच जोडलं गेलं. पण जीमेल पासवर्ड घेतच नाहीये, बरोबर असून. याहूचंही तेच. आणि आउटलूक तर कशालाच दाद देत नाही. आयमॅप ९९३ वर टाकलंय, टीएलएस चालू आहे.

टेकडीवरून | मंगळवार, रात्री ९.३०

पोर्ट बरोबर आहे, पासवर्ड चुकीच्या जातीचा आहे. जीमेलने नेहमीचा पासवर्ड बाहेरच्या ॲपला देणं २०२२ च्या मे अखेरीस बंद केलं. आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग गुगल अकाउंटमध्ये ॲप पासवर्ड बनवा, १६ अक्षरांचा येतो, तो इथे टाका. प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा बनवा आणि नाव द्या, घरचा सर्व्हर वगैरे, म्हणजे उद्या एकच रद्द करता येईल. याहूतही अकाउंट सिक्युरिटीत ॲप पासवर्डचीच सोय आहे.

आउटलूकचं प्रकरण वेगळं. पर्सनल आउटलूक अकाउंटना २०२४ च्या १६ सप्टेंबरपासून पासवर्डने आयमॅप मिळतच नाही, ओऑथ (पासवर्ड न देता ॲपला परवानगी द्यायची पद्धत) लागतं. म्हणजे मायक्रोसॉफ्टकडे स्वतःचं ॲप रजिस्टर करून त्याचा आयडी सायफ्टच्या सेटिंगमध्ये भरायचा. होतं, पण वेळ खातं. मंडळासाठी मी तरी एवढा घाट घालणार नाही. सरळ आउटलूकमधून फॉरवर्डिंग लावा, किंवा मंडळाचा पत्ताच पुढच्या गणपतीआधी बदलून घ्या, पावतीपुस्तकं छापायच्या आत.

सहकारनगर_अण्णा | बुधवार, सकाळी ६.४०

सगळं वाचलं. माझा प्रश्न मनापासून आहे, तंटा म्हणून नाही. एवढं करण्यापेक्षा थंडरबर्ड का नको? फुकट आहे, सगळे इनबॉक्स एकत्र दाखवतं, गुगलचं आणि मायक्रोसॉफ्टचं ओऑथ आपलं आपण करतं, वर सर्व्हर, डॉकर, अपडेट काही सांभाळायला नको. मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून तेच वापरतो. एका टेबलावर बसून काम करणाऱ्याला दुसरं काही लागू नये असं माझं मत आहे.

जुना_लिनक्सवाला | बुधवार, सकाळी ८.१५

अण्णा, तुमचं मत योग्यच आहे आणि एका टेबलासाठी मीही तेच सांगेन. पण ताईंची टेबलं तीन आहेत. तीन ठिकाणी थंडरबर्ड म्हणजे तीन ठिकाणी पाच पासवर्ड साठवलेले, त्यातलं एक मशीन सोसायटीच्या ऑफिसातलं जिथे कमिटीतले सगळेच बसतात. शिवाय जीमेल एका अकाउंटला एकावेळी १५ च आयमॅप जोडण्या देतं, फोन, तीन थंडरबर्ड आणि प्रत्येकाच्या चार-पाच जोडण्या धरल्या की ते भरतं आणि मध्येच लॉगिन नाकारलं जातं. त्यापेक्षा एक जागा बरी.

आता ताईंच्या दुसऱ्या अटीकडे येतो, उत्तर त्याच आयडीवरून जावं. माझ्या मते सगळ्या धाग्यात हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो सगळ्यात कमी बघितला जातो. मेलमध्ये प्रेषकाचा पत्ता बदलणं ही नुसती एका ओळीची गोष्ट आहे. पण तो मेल कुठल्या सर्व्हरमधून बाहेर पडला हे समोरचा तपासतो. एसपीएफ सांगतं या डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरवरून यायला हवेत, डीकेआयएम म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरची डिजिटल सही, आणि डीमार्क बघतं की यातलं निदान एक तरी दिसणाऱ्या पत्त्याच्या डोमेनशी जुळतंय का. पत्ता याहूचा आणि बाहेर पडला तुमच्या डोमेनच्या सर्व्हरमधून, तर काहीच जुळत नाही. याहूने २०१४ च्या एप्रिलपासूनच सांगून ठेवलंय की असे मेल सरळ नाकारा. उलट बाजूने जीमेलच्या सर्व्हरमधून दुसरा पत्ता लावून पाठवायला गेलात तर तो पत्ता तिथे आधी नोंदवलेला नसेल तर जीमेल स्वतःचाच पत्ता लावून टाकतं, आणि सोसायटीची नोटीस तुमच्या पर्सनल आयडीवरून सभासदाच्या हातात पडते.

म्हणून नुसत्या आयडेंटिटी (पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता) बनवून थांबू नका. राउंडक्यूबमध्ये मूळची आयडेंटिटी फक्त पत्ता बदलते, एसएमटीपी तोच राहतो, प्लगइनशिवाय तिथे हीच गफलत होते. सायफ्टमध्ये प्रोफाइल असतात. एका प्रोफाइलमध्ये पत्ता, त्याचा आयमॅप, त्याचाच एसएमटीपी आणि मेलखालची सही असं चौघांचं लग्न लावायचं. पाच अकाउंट तर पाच प्रोफाइल. मग प्रत्येकातून एकेक मेल स्वतःलाच दुसऱ्या आयडीवर पाठवा, आलेल्या मेलचं मूळ रूप उघडा, त्यात ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स नावाची ओळ असते, तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिघांपुढे पास दिसलं पाहिजे. एकाही अकाउंटचं हे न बघता क्लायंटला मेल पाठवू नका. नोटिशीला उत्तर द्यायची तारीख निघून जाते आणि आपला मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये बसलेला असतो, आणि टॅक्सच्या कामात ते परवडत नाही.

एसवाय_कॉम्प | बुधवार, सायंकाळी ५.३०

मधेच विचारतोय सॉरी, पण घरचा लॅपटॉप बाहेरून कसा दिसणार? आमच्या पीजीतल्या नेटला तर पोर्ट फॉरवर्ड (बाहेरची जोडणी आतल्या मशीनकडे वळवणं) होतच नाही, राउटरमधे आयपी १०० ने सुरू होतो आणि बाहेर बघितला तर वेगळाच.

टेकडीवरून | बुधवार, सायंकाळी ६.१०

त्याला सीजीनॅट म्हणतात मित्रा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा त्यासाठीच राखलेला आहे, एका सार्वजनिक आयपीमागे शेकडो घरं असतात, त्यामुळे बाहेरून आत यायला दारच नसतं. दोन मार्ग. टेलस्केलसारखं काहीतरी, आतून वायरगार्ड (व्हीपीएन) आहे, लॅपटॉप, फोन, ऑफिसचं मशीन सगळ्यांवर टाकलं की ती एकमेकांना घरातल्या घरात असल्यासारखी दिसतात आणि जगाला काहीच दिसत नाही. किंवा क्लाउडफ्लेअर टनेल, त्यात पत्ता जगाला उघडा असतो आणि वाहतूक त्यांच्याकडून जाते. पाच मेलबॉक्सच्या किल्ल्या जिथे आहेत ते पान जगाला दाखवायचं कारणच काय? मी पहिलाच मार्ग घ्या म्हणेन.

ताई, गुरुवारी लाइट जाते तेव्हा लॅपटॉपला बॅटरी आहे पण राउटरला नाही, तेवढा एक १२ व्होल्टचा छोटा यूपीएस तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणून लावा. राउटरच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात त्याचा फोटो काढून न्या, पिन पण जुळवून घ्या.

जुना_लिनक्सवाला | बुधवार, रात्री ९.५०

हे फार बरोबर सांगितलं, उघडं ठेवू नका. कारण बघा. २०२३ च्या ऑक्टोबरात राउंडक्यूबमधलं असं भोक वापरलं गेलं की मेल नुसता उघडून बघितला तरी हल्ला व्हायचा, लिंकवर क्लिकसुद्धा लागत नव्हतं. आणि २०२५ च्या जूनमध्ये जे बंद केलं, १.६.११ आणि १.५.१० मध्ये, ते तर जवळपास दहा वर्षं कोडमध्ये बसून होतं, कुठलंही एक लॉगिन हातात आलं की सर्व्हरवर हवं ते चालवता येत होतं. राउंडक्यूब वाईट आहे म्हणून नाही सांगत, उलट तिथे शोधणारे जास्त म्हणून सापडतं आणि बंदही लवकर होतं. अनोळखी माणसांनी पाठवलेलं एचटीएमएल दाखवणं हेच वेबमेलचं काम आहे, त्यामुळे असं सगळ्यांतच निघत राहणार. नवीन आवृत्ती आली की त्याच आठवड्यात टाकायची. ज्याला हे जमणार नाही त्याने अण्णांचं ऐकावं, थंडरबर्ड घ्यावं, ते मी अगदी मनापासून सांगतो.

भोसरीकर | गुरुवार, सकाळी ११.००

बॅकपचं कोणी बोललं नाही. मेल तिकडे आहेत हे खरं पण सायफ्टचा डेटाबेस गेला तर पाच अकाउंट, प्रोफाइल, सह्या सगळं परत भरावं लागेल. डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) रोज रात्री पेनड्राइववर जाऊद्या, छोटा असतो.

मुठाकाठ | शुक्रवार, रात्री १०.३०

काय झालं ते सांगते. चार अकाउंट आता एका यादीत आहेत, मंडळाचं फॉरवर्ड होऊन डोमेनच्या एका फोल्डरमध्ये येतं. पाच नाही, चार प्रोफाइल केली, मंडळाला उत्तर द्यायचं असलं तर तेवढं आउटलूक उघडते. ऑथेंटिकेशनची ओळ चारही ठिकाणी तपासली, डोमेनच्या डीकेआयएमपुढे पास नव्हतं, none (काहीच नाही) दाखवत होतं, म्हणजे ती सही मुळात चालूच केलेली नव्हती, होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ती चालू करून डीएनएसमध्ये रेकॉर्ड टाकला, दुसऱ्या दिवशी पास. हे कळलं नसतं तर कितीतरी क्लायंटचे मेल स्पॅममध्ये का जातात हे मला कधीच समजलं नसतं. दादा, ह्यासाठी तुमचे विशेष आभार.

दोन शंका राहिल्यात. जीमेलमधला प्रत्येक मेल शोधताना दोनदा का येतो? आणि सोसायटीच्या ऑफिसातल्या मशीनवर टेलस्केल टाकू का? पुढच्या वर्षी सेक्रेटरी बदलेल तेव्हा हे सगळं मागे कसं घ्यायचं तेही सुचवा.

टेकडीवरून | शनिवार, सकाळी ८.२०

दोनदा येतो कारण जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात, आणि आयमॅपवर प्रत्येक लेबल फोल्डर म्हणून दिसतं. एकच मेल इनबॉक्समध्ये पण आणि ऑल मेलमध्ये पण. जीमेलच्या सेटिंगमध्ये लेबल्सच्या पानावर ऑल मेलपुढची शो इन आयमॅप ही खूण काढा, निम्मा पसारा जाईल. पाठवलेल्या मेलची प्रत सायफ्टने वेगळी ठेवायची गरज नाही, जीमेल स्वतःच्या एसएमटीपीने गेलेला मेल आपण होऊन सेंटमध्ये ठेवतं.

सोसायटीच्या मशीनवर टेलस्केल नको. तिथे तुमचं लॉगिन उघडं राहिलं तर याहूतली बँक पण उघडी राहिली. तिथे फक्त सोसायटीचं जीमेल सरळ ब्राउझरमध्ये उघडा आणि उठताना लॉगआउट करा.

हस्तांतराचं सोपं आहे. सोसायटीच्या अकाउंटचा रिकव्हरी फोन आणि टू-स्टेपचा नंबर नव्या सेक्रेटरींचा टाका, त्यांच्यासमोर बसून पासवर्ड बदला. गुगलचा मुख्य पासवर्ड बदलला की आधीचे सगळे ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात, तुमच्या सायफ्टमधलं सोसायटीचं दार त्याच क्षणी बंद. मग तिथून सर्व्हरची नोंद आणि प्रोफाइल काढा, आणि सेव्हच्या पानावर जाऊन सेव्ह करा.